पस्तीस टिंबे, पाच रेघा

'आर' हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर संगणकावर घेतले की त्याच्यासोबत काही जुनी कोष्टकेही येतात. त्यांतले एक 'ऑरेंज' नावाचे. ३५ ओळी आणि तीन स्तंभ: झाडाचा क्रमांक, दिवसांत वय, मिलिमीटरमध्ये खोडाचा घेर. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या संत्र्याच्या पाच झाडांची १९६९ ते १९७३ या काळात प्रत्येकी सात वेळा मोजणी झाली, ती ही. नॉर्मन ड्रेपर आणि हॅरी स्मिथ यांच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात हे आकडे विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय म्हणून आले. पुढे होझे पिनेरो आणि डग्लस बेट्स यांनी २००० सालच्या आपल्या ग्रंथात त्यांचा बारकाईने विचार केला. तेव्हापासून वाढीचे वक्र शिकणाऱ्या जगभरच्या मुलांनी ही पाच झाडे पाहिली आहेत. त्यांचा आलेख काढायला दोन मिनिटे लागतात आणि म्हणूनच बहुतेक जण तो दोनच मिनिटे पाहतात. कवितेपाशी थांबावे तसे या आकृतीपाशी थांबले तर काय काय दिसते, ते सांगावेसे वाटते.

आधी फक्त टिंबे पाहू, रेघ नंतर. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर घेर. डाव्या टोकाला पाचही झाडे एकाच जुडीत उभी आहेत: ३०, ३३, ३०, ३२, ३०. सगळा फरक तीन मिलिमीटरचा. तीस मिलिमीटर घेर म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटर व्यास, करंगळीएवढे खोड. उजव्या टोकाला, १५८२ व्या दिवशी, तीच झाडे १४०, १४५, १७७, २०३ आणि २१४ वर पोचलेली आहेत. तीन मिलिमीटरचे अंतर ७४ झाले. या आकृतीचे पहिले सौंदर्य या उलगडण्यात आहे. एका मुठीतून निघालेला पंखा उजवीकडे पसरत जातो, आणि पसरताना त्याच्या काड्या एकमेकींना ओलांडतातही. दुसरे झाड आरंभी चौथ्याच्या पुढे होते. ४८४ व्या दिवशी ६९ विरुद्ध ६२. पुढच्या मोजणीत १११ विरुद्ध ११२, आणि तिथून चौथ्याने जी आघाडी घेतली ती सोडली नाही. पाचवे झाड ४८४ व्या दिवशी सगळ्यांत बारीक होते, ४९ मिलिमीटर. ६६४ व्या दिवशी ते चौथे झाले, १००४ व्या दिवशी तिसरे, आणि शेवटपर्यंत तिसरेच राहिले. सातच मोजण्यांत एवढे चरित्र सामावते.

सॉफ्टवेअर झाडांची नावे ३, १, ५, २, ४ अशा क्रमाने लावते, आणि नवख्याला तो घोटाळा वाटतो. तसे नाही. कोष्टक तयार करणाऱ्यांनी झाडे शेवटच्या आकारानुसार, लहानाकडून मोठ्याकडे लावून ठेवली आहेत. त्यामुळे आकृतीत रंग फिक्याकडून गडदाकडे जातात तसा घेरही चढत जातो. क्रमांकांची वाट सोडून वाढीची वाट धरण्याचा हा निर्णय मला फार विचारी वाटतो. पाहणाऱ्याचे अर्धे काम तिथेच होते.

आता रेघ. वाढीचे आकडे दिसले की जी रेघ मनात येते, ती पिएर फ्रांस्वा व्हेर्हुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाची. लोकसंख्या अमर्याद वाढणार नाही, जागा आणि अन्न संपत येईल तशी तिची गती मंदावेल, हा विचार त्याने १८३८ मध्ये सूत्रात मांडला आणि १८४५ मध्ये त्या वक्राला 'लॉजिस्टिक' असे नाव दिले. सुरुवातीला हळू, मध्ये वेगाने, शेवटी पुन्हा हळू: इंग्रजी एस अक्षर तिरके ताणावे तसा आकार. या सूत्राची ताकद अशी, की त्यातल्या तिन्ही संख्यांना जैविक अर्थ आहे. पहिली, घेर अखेर जिच्याकडे झुकत जातो ती कमाल मर्यादा. दुसरी, त्या मर्यादेचा निम्मा टप्पा गाठण्याचा दिवस. या दिवशी वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो आणि वक्राचा बाक बदलतो. तिसरी, हा सारा प्रवास किती दिवसांत पसरला आहे ते सांगणारी. पाच झाडांच्या ३५ आकड्यांकडे पाहून शेतकरी जे प्रश्न विचारेल, तेच या तीन संख्या विचारतात: किती होणार, केव्हा जोरात होणार, किती वेळ लागणार.

नुसती टिंबांमधून गुळगुळीत जाणारी रेघ हवी असेल तर सॉफ्टवेअर तीही काढून देते, सूत्राविना, आसपासच्या टिंबांची सरासरी घेत घेत. डोळ्याला ती गोड दिसते. पण तिला विचारायला आपल्याकडे प्रश्न नसतो आणि तिच्याकडे उत्तर नसते. ती टिंबांच्या मागे मागे जाते. व्हेर्हुल्स्टची रेघ मात्र एक म्हणणे मांडते, म्हणून तिच्याशी वाद घालता येतो. रसग्रहणाला वाव असतो तो अशा रेघेत.

ही रेघ बसवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. सरळ रेषेचे गणित एका फटक्यात सुटते, वक्राचे तसे नाही. 'एनएलएस' नावाची आज्ञा एका अंदाजापासून निघते, टिंबे आणि रेघ यांच्यातल्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी कमी करत पावलापावलाने पुढे सरकते आणि आता आणखी कमी होत नाही असे दिसले की थांबते. पहिला अंदाज फारच चुकला तर 'सिंग्युलर ग्रेडियंट' असा निरोप देऊन ती वाटेतच बसते, आणि वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर मुले त्या निरोपापुढे हताश होतात. यावर उपाय म्हणून स्वतःचा आरंभबिंदू स्वतः शोधणारी काही सूत्रे करून ठेवली आहेत. लॉजिस्टिकसाठी 'एसएसलॉजिस'. ती आधी आकड्यांवरून ढोबळ अंदाज बांधते आणि मगच मोठ्या शोधाला निघते. उसाच्या कांडीपासून माशांच्या लांबीपर्यंत वाढीची मोजमापे हाताळणाऱ्या कितीतरी लोकांचे दिवस या एका सोयीने वाचवले आहेत.

वक्र सापडला तरी तो कागदावर उतरवायचा राहतो. इथे एक बारीक कौशल्य लागते. सापडलेल्या सूत्राला फक्त त्या सातच दिवसांचे घेर विचारले आणि ती उत्तरे जोडली, तर सहा तुकड्यांची मोडकी काठी मिळते. सूत्र बरोबर असते, चित्र खोटे होते. म्हणून पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत शंभरेक समान पायऱ्या पाडायच्या, प्रत्येक पायरीवरचा घेर 'प्रेडिक्ट' या आज्ञेकडून काढून घ्यायचा आणि मग रेघ ओढायची. 'आर'मध्येच 'लोब्लॉली' पाइन वृक्षांच्या उंचीचे दुसरे कोष्टक आहे. त्याच्या मदतपानावरच्या उदाहरणात शून्य ते तीस वर्षांमध्ये १०१ पायऱ्या पाडल्या आहेत. पाइनची झाडे मोजली गेली मोजक्याच वयांना. मधल्या साऱ्या वयांची जागा त्या १०१ पायऱ्या भरतात. मोजलेले ते टिंब आणि मानलेले ती रेघ, हा भेद डोळ्याला चटकन कळावा अशीच ही चित्रलिपी आहे. लेखात जागा वाचवण्यासाठी टिंबे पुसून नुसती रेघ छापणाऱ्यांचे मला कधीच पटलेले नाही. तसे केले की आकृतीतला अर्धा आवाज बंद होतो.

'ऑरेंज'च्या मदतपानावर उदाहरण म्हणून एकच झाड घेतले आहे, तिसरे. सर्वांत बारीक राहिलेले. त्याला वक्र बसवला की कमाल मर्यादा येते सुमारे १५९ मिलिमीटर, निम्मा टप्पा ७३५ व्या दिवशी. शेजारी पहिल्या झाडाचा वक्र ठेवा. त्याची कमाल मर्यादा येते १५४ च्या आसपास. म्हणजे शेवटच्या मोजणीत १४५ वर असलेले पहिले झाड १५४ ला थांबणार, आणि १४० वर असलेले तिसरे १५९ पर्यंत जाणार, असे रेघांचे म्हणणे. आकृतीच्या बाहेर, कोऱ्या जागेत, या दोन रेघा एकमेकींना छेदतात. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. तिसऱ्या झाडाची वाढ जास्त दिवसांवर पसरलेली दिसते, तेव्हा सूत्राला वाटते की याचे अजून बरेच बाकी आहे. पण या १५९ ची मानक त्रुटी, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो याचे माप, दहा मिलिमीटरहून बरीच मोठी आहे. पाच मिलिमीटरचा फरक तिच्यात सहज विरघळून जातो. सात टिंबांवर तीन संख्या ठरवायच्या म्हटल्यावर हे व्हायचेच.

ही अनिश्चितता चित्रात मात्र येत नाही, आणि त्याला एक तांत्रिक कारण आहे. सरळ रेषेभोवती जो राखाडी पट्टा आपण नेहमी पाहतो, तो काढण्यासाठी लागणारी त्रुटी 'एनएलएस'चे 'प्रेडिक्ट' देतच नाही. मागितली तरी ती मागणी दुर्लक्षित राहते. त्यामुळे वाढीच्या वक्रांची बहुतेक चित्रे पट्ट्याविना, एका तलम रेघेनिशी छापली जातात आणि सरळ रेषेपेक्षा कितीतरी डळमळीत असलेली गोष्ट तिच्याहून ठाम दिसते. पट्टा हवाच असेल तर आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून, दर वेळी वक्र बसवून, त्या साऱ्या वक्रांचा पसारा मोजावा लागतो. वेळ जातो, पण तेवढा द्यायला हरकत नसावी.

आता या आकृतीचे मर्म. तिसऱ्या झाडाची टिंबे रेघेपासून किती दूर आहेत ते क्रमाने पाहा. पहिली चार टिंबे रेघेच्या आगेमागे दोन ते चार मिलिमीटरवर. मग १२३१ व्या दिवशी टिंब रेघेच्या आठ मिलिमीटर खाली, आणि लगेच १३७२ व्या दिवशी सात मिलिमीटर वर. एका झाडाबाबत असे झाले तर मोजणाऱ्याचा हात हलला असेल म्हणून सोडून देता येते. पण पहिले झाड पाहा: १२३१ ला खाली, १३७२ ला वर. दुसरे, चौथे, पाचवे: तेच. पाचही झाडे एका दिवशी एकदम रेघेखाली जातात आणि पुढच्या मोजणीला एकदम रेघेवर येतात. पाच हात एकाच वेळी एकाच दिशेने हलत नसतात.

उत्तर आडव्या अक्षात दडलेले आहे. मदतपानावर बारीक अक्षरात लिहिले आहे की दिवस ३१ डिसेंबर १९६८ पासून मोजले आहेत. मग दिवसांच्या तारखा करायला काय हरकत आहे? १००४ वा दिवस म्हणजे १ ऑक्टोबर १९७१. १२३१ वा, १५ मे १९७२. १३७२ वा, ३ ऑक्टोबर १९७२. आणि शेवटचा १५८२ वा, १ मे १९७३. तारखा लिहिल्याबरोबर कोष्टक जागे होते. ऑक्टोबर ते मे या २२७ दिवसांत पाच झाडांचा घेर वाढला ५, १६, ७, १२ आणि १७ मिलिमीटर. पुढच्या मे ते ऑक्टोबर या १४१ दिवसांत २२, ३१, २४, ३० आणि ३२. त्यानंतरच्या ऑक्टोबर ते मे या २१० दिवसांत ३, ०, १, ५, ३. दुसरे झाड सात महिने २०३ वर जागचे हललेले नाही. लिंबूवर्गीय झाडांची वाढ साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली थांबत येते, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हिवाळ्याच्या रात्री त्याहून थंड असतात. झाडे उन्हाळ्यात वाढत होती आणि हिवाळ्यात विसावत होती.

रेघेला हे ठाऊक नाही. तिच्या सूत्रात ऋतू नावाची गोष्टच नाही. पाचही झाडांचा एकत्र विचार करणारे मिश्र प्रतिमान बसवले, ज्यात कमाल मर्यादा प्रत्येक झाडाची वेगळी पण बाकीच्या दोन संख्या सामाईक, तर प्रातिनिधिक झाडाची मर्यादा येते १९२ मिलिमीटर, झाडाझाडांतला पसारा सुमारे ३२ मिलिमीटर, आणि निम्म्या टप्प्याचा दिवस ७२८ वा. वक्राच्या दृष्टीने झाड सर्वांत जोमाने वाढते तो हा दिवस. त्याची तारीख काढा: २९ डिसेंबर १९७०. ऐन हिवाळा. ज्या दिवसांत झाडे जवळजवळ निजलेली होती, त्यांतच वक्राने त्यांच्या वाढीचा कळस ठेवला आहे. आणखी एक पडताळा घ्या. तिसऱ्या झाडाच्या स्वतःच्या वक्रात वाढीचा सर्वांत मोठा वेग दिवसाला ०.१० मिलिमीटर आहे. तो वेग ओसरून दीड वर्ष झाल्यावर, १९७२ च्या उन्हाळ्यात, हे झाड दिवसाला ०.१७ मिलिमीटरने वाढत होते. उरलेल्या चार झाडांची तऱ्हा तीच. त्या उन्हाळ्यात प्रत्येक झाडाने आपापल्या वक्राच्या कमाल वेगाला मागे टाकले.

वक्र खोटा ठरला का? मला तसे वाटत नाही, आणि या आकृतीवरचे माझे प्रेम इथे वाढते. वक्र वर्षांविषयी बोलतो, टिंबे महिन्यांविषयी. चार वर्षांच्या झाडाच्या आयुष्याचा चढउतार सांगताना ऋतूंचे हेलकावे सपाट करणे हे त्याचे कामच आहे, आणि ते तो फक्त तीन संख्यांत करतो. करंगळीएवढ्या खोडांतून कोण किती मोठे होईल याचा जो पंखा आपण पाहिला, त्याला या रेघांनीच आकार दिला. पण रेघ काय सांगत नाही ते सांगायला टिंबे तिच्याच कागदावर हजर असावी लागतात. सूत्र आणि मोजणी यांचा असा उघड संवाद कोष्टकात दिसत नाही, मानक त्रुटींच्या यादीत दिसत नाही. चित्रात दिसतो. तोही चित्र काढणाऱ्याने दिवसांऐवजी तारखांचा विचार केला तर.

याचा हिशोबावरही परिणाम होतो. वक्र बसवताना प्रत्येक टिंबाची चूक इतरांपासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरलेले असते. इथे पाच झाडे एकाच थंडीत उभी आहेत, तेव्हा त्यांच्या चुका हातात हात घालून चालतात. ३५ टिंबे ३५ स्वतंत्र साक्षी देत नाहीत, आणि छापून येणाऱ्या त्रुटी वास्तवापेक्षा लहान असण्याचा संभव राहतो. सूत्रात वर्षाच्या आवर्तनाचे एक पद घालता येते, दोनच जादा संख्या लागतात. मग रेघ उन्हाळ्यात चढते, हिवाळ्यात सपाट होते, आणि पाचही झाडांची ती दोन हट्टी टिंबे तिच्या कवेत येऊ लागतात. दिसायला ती पायऱ्यापायऱ्यांची होते, व्हेर्हुल्स्टच्या रेघेचा तलमपणा तिच्यात नाही. मला दोन्ही एकाच चौकटीत आवडतील: तलम रेघ फिकट, पायऱ्यांची ठळक, आणि ऑक्टोबर ते मे या महिन्यांवर हलकी छाया.

त्या छायेमुळे उजव्या टोकाचा अर्थही बदलतो. शेवटची मोजणी १ मे १९७३ ची, म्हणजे हिवाळा संपतानाची. शेवटची दोन टिंबे जवळजवळ एका पातळीत दिसतात आणि सूत्र त्यातून ऐकते की झाडे भरत आली. चौथ्या झाडाला ते सुमारे २२५ मिलिमीटरची मर्यादा देते. झाड तेव्हा २१४ वर आहे. रेघ तशीच पुढे ओढली तर १ ऑक्टोबर १९७३ ला, १७३५ व्या दिवशी, ती २१८ दाखवते. हेच झाड आदल्या उन्हाळ्यात १४१ दिवसांत ३० मिलिमीटर वाढले होते. १९७३ च्या उन्हाळ्यात ते त्याच्या निम्मे, १५ मिलिमीटर जरी वाढले असेल, तर ऑक्टोबरात त्याचा घेर २२९ भरतो, वक्राने त्याला आयुष्यभरासाठी नेमून दिलेल्या मर्यादेच्या चार मिलिमीटर वर.